दीड टक्क्याचा खरा भाव

सरसकट कॅशबॅकचे कार्ड ही क्रेडिट कार्डांच्या बाजारातली समजायला सर्वांत सोपी वस्तू. किराणा घ्या, औषधे घ्या, रेल्वेचे तिकीट काढा. खर्चाच्या दीड टक्का रक्कम परत मिळते आणि बिलातून आपोआप वजा होते. पॉइंट मोजायचे नाहीत, ते कधी बाद होतील याची चिंता नाही, कुठल्या महिन्यात कुठल्या दुकानावर जास्त मिळते हे पाठ करायचे नाही. असे नवे कार्ड समोर आले की बहुतेक जण एकच आकडा पाहतात. दीड टक्का की दोन? हा प्रश्न रास्त आहे, पण तो सगळ्यांत शेवटी विचारायचा. जाहिरातीतला दर बँक ठरवते. हातात पडणारा दर मात्र तुमचा घरखर्च कसा विभागलेला आहे आणि तुम्ही बिल कसे भरता, यावर ठरतो. दोन्ही दरांत किती अंतर पडते ते या प्रकरणात कागदावर मांडून पाहू.

हे पैसे येतात कुठून?

हजार रुपयांच्या खरेदीवर तुम्ही कार्ड दिलेत की दुकानदाराच्या खात्यात पूर्ण हजार जमा होत नाहीत. त्यातून कमिशन कापले जाते. त्याला एमडीआर म्हणतात. क्रेडिट कार्डावर तो साधारण दोन टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे हजारामागे वीसेक रुपये. त्यातला मोठा वाटा तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. त्याचे नाव इंटरचेंज. उरलेल्यात व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे आणि दुकानदाराची बँक यांचा हिस्सा असतो. तुम्हाला परत मिळणारे पंधरा रुपये या इंटरचेंजमधून निघतात.

खर्चावर रोख परत देण्याची प्रथा अमेरिकेत रुजली. १९८६ मध्ये सीअर्स या दुकानांच्या साखळीने डिस्कव्हर कार्ड देशभर आणले. वार्षिक फी नव्हती आणि खर्चाच्या एक टक्क्यापर्यंत रक्कम परत मिळे. २०१४ मध्ये सिटी बँकेचे ‘डबल कॅश’ आले. त्यात खरेदी करताना एक टक्का आणि त्या खरेदीचे बिल भरताना आणखी एक टक्का मिळू लागला. युरोपीय संघाने मात्र २०१५ च्या कायद्याने ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांवरचे इंटरचेंज ०.३ टक्क्यावर रोखले. ज्या बँकेला व्यवहारामागे ०.३ टक्काच मिळतो, ती सरसकट दोन टक्के कुठून देणार? न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला दोन टक्क्यांचे कार्ड सहज मिळते आणि म्युनिकमध्ये राहणाऱ्याला सहसा मिळत नाही, त्यामागे हा कायदा आहे.

आपल्याकडे डेबिट कार्डाच्या एमडीआरवर रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर तर तो जानेवारी २०२० पासून शून्य आहे. क्रेडिट कार्डावर अशी मर्यादा नाही. त्यामुळे रोख परत देण्याची खरी सोय क्रेडिट कार्डातच उरली.

आता बँकेच्या बाजूने पाहा. इंटरचेंजमधला बराचसा भाग सरसकट वाटून टाकला, तर नियमित बिल भरणाऱ्या ग्राहकावर तिला फारसे काही उरत नाही. तिची कमाई दुसरीकडून येते: वार्षिक फी, परदेशी चलनातल्या खर्चावरचा आकार, ईएमआयवरचे शुल्क आणि सर्वांत मोठे म्हणजे थकलेल्या बिलांवरचे व्याज. त्यामुळे वेळेवर पूर्ण बिल भरणाऱ्याला इंटरचेंजमधून कॅशबॅक देणे बँकेला परवडते, ते बऱ्याच अंशी बिल थकवणाऱ्याच्या व्याजामुळे. आपण या दोघांपैकी कोण, हे आधी स्वतःशी स्पष्ट असले पाहिजे.

‘सरसकट’मध्ये काय बसत नाही

‘प्रत्येक खर्चावर’ या शब्दांना अपवादांची यादी जोडलेली असते. पेट्रोल-डिझेल, घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, विम्याचे हप्ते, वीज-गॅसची बिले, शाळा-कॉलेजची फी, सरकारी कर, दागिने, ईएमआयवर घेतलेली वस्तू. प्रत्येक कार्डाची यादी थोडी वेगळी असते, पण यातली निम्मी नावे तरी बहुतेक ठिकाणी सापडतात. या यादीमागे बँकेचे गणित आहे. काही क्षेत्रांत इंटरचेंजच कमी मिळते. वॉलेट किंवा भाड्याच्या मार्गाने काही लोक मोठ्या रकमा नुसत्या फिरवून कॅशबॅक मिळवू लागतात. जिथे बँकेला मिळत नाही, तिथे ती देतही नाही.

तुम्ही काय घेतलेत हे बँकेला दिसत नाही. तिला दिसतो तो दुकानाला लावलेला चार अंकी व्यवसाय-कोड. किराणा दुकानाचा कोड ५४११, पेट्रोल पंपाचा ५५४१, सराफाचा ५९४४. पंपाच्या आवारातल्या दुकानाने पंपाचेच मशीन वापरले, तर तिथल्या बिस्किटाच्या पुड्यावरही काही मिळणार नाही. बिलात एखाद्या खर्चाचा कॅशबॅक दिसला नाही की तक्रार करण्याआधी हा कोड आठवावा.

अटी कायमच्या नसतात. ॲक्सिस बँकेचे ‘एस’ कार्ड ऑक्टोबर २०२० मध्ये गूगल पेच्या जोडीने आले. बहुतेक खर्चांवर सरसकट दोन टक्के हे त्याचे मोठे आकर्षण होते. तो दर पुढे दीड टक्क्यावर आला. एसबीआय कार्डाने सप्टेंबर २०२२ मध्ये ‘कॅशबॅक’ कार्ड काढले: ऑनलाइन खरेदी कुठूनही करा, पाच टक्के, दुकानात जाऊन केली तर एक टक्का. सुरुवातीला महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत कॅशबॅक मिळे. मे २०२३ पासून ती मर्यादा पाच हजारांवर आली आणि अपवादांची यादी लांबली. नवे कार्ड ग्राहक गोळा करण्यासाठी उदार असते आणि ग्राहक जमले की हात आखडते. म्हणून नव्या कार्डाचा हिशेब आजच्या दराने मांडावा, पण तो दर पाच वर्षे टिकेल असे धरून चालू नये.

एका घराचे वर्ष

समजा पुण्यातले चौघांचे भाड्याने राहणारे कुटुंब आहे. कर्जाचे हप्ते आणि गुंतवणूक सोडून महिन्याचा खर्च साठ हजार रुपये. समोर आलेल्या कार्डाचा दर सरसकट दीड टक्का, वार्षिक फी ४९९ रुपये. फीवर १८ टक्के जीएसटी धरला की ती ५८९ होते.

जाहिरात वाचून डोक्यात येणारा हिशेब असा: साठ हजार गुणिले बारा म्हणजे सात लाख वीस हजार, त्यावर दीड टक्का म्हणजे १०,८०० रुपये. आता खर्च फोडून लिहू.

घरभाडे: १८,०००
भाजी, दूध, रिक्षा, इस्त्री, कामाच्या बाईंचा पगार: १०,०००
शाळेची फी, महिन्याची सरासरी: ५,०००
वीज, गॅस, मोबाइल, इंटरनेट: ४,०००
पेट्रोल: ४,०००
विम्याचे हप्ते, महिन्याची सरासरी: ३,०००
किराणा: ८,०००
औषधे, कपडे, ऑनलाइन खरेदी: ६,०००
हॉटेल, सिनेमा, प्रवासाची तिकिटे: २,०००

भाडे, फी, बिले, पेट्रोल आणि विमा हे चौतीस हजार या कार्डाच्या अपवादांत जातात असे धरू. भाजी-दुधाचे दहा हजार रोखीने किंवा यूपीआयने जातात. कार्डावर कॅशबॅक मिळवणारा खर्च उरला सोळा हजार. वर्षाचे झाले एक लाख ब्याण्णव हजार. त्यावर दीड टक्का म्हणजे २,८८० रुपये. फी वजा जाता २,२९१. एकूण खर्चाशी ताडून पाहिले तर हा परतावा ०.३२ टक्का भरतो.

२,२९१ रुपये काही कमी नाहीत. एका महिन्याचे वीजबिल सहज निघते. फक्त ते १०,८०० नाहीत, आणि १०,८०० मिळणार असे समजून कोणी खर्चाचा हात सैल सोडला तर घाटा तिथेच सुरू होतो.

फीचा हिशेबही याच कागदावर होतो. ५८९ रुपये वसूल व्हायला वर्षाला सुमारे ३९,३०० रुपयांचा पात्र खर्च लागतो, म्हणजे महिन्याला ३,३०० च्या आत. आपले कुटुंब ही पायरी आरामात ओलांडते. एकट्या राहणाऱ्या, बहुतेक रोखीने भागवणाऱ्या माणसाला ते जमेलच असे नाही. त्याने बिनफीचे कार्ड पाहावे.

‘वर्षाला दोन लाख खर्च केल्यास फी माफ’ अशी सवलतही असते. आपले कुटुंब दोन लाखांना आठ हजारांनी कमी पडते. मार्च महिन्यात घरात चर्चा होते: आठ हजारांचे काहीतरी घेऊन टाकू, फी वाचेल. ५८९ वाचवायला आठ हजार घालवणे हा तोट्याचाच सौदा. पुढच्या महिन्यात घ्यायचाच असलेला मिक्सर आधी घेतला, तर ती गोष्ट वेगळी.

भाजी-दुधाच्या दहा हजारांतला काही भाग कार्डावर आणता येतो. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते आणि दुकानदाराचा क्यूआर कोड स्कॅन करून त्यातून पैसे देता येतात. व्हिसा किंवा मास्टरकार्डवर ही सोय नाही. एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर, म्हणजे कामाच्या बाईंना किंवा घरमालकाला, या मार्गाने पैसे पाठवता येत नाहीत. यूपीआयवरच्या खर्चाला काही कार्डे कमी कॅशबॅक देतात, काही देतच नाहीत. नवे कार्ड रुपेवर असेल तर ही अट आधी वाचावी.

दुकानदार ‘कार्डावर दोन टक्के जास्त पडतील’ म्हणाला, तर उत्तर सरळ आहे. दीड मिळवण्यासाठी दोन देऊ नयेत. तिथे यूपीआयने पैसे द्यावेत.

दुसऱ्या कार्डाशेजारी ठेवून

कार्डाचा फायदा शून्याशी ताडायचा नसतो. हाती असलेल्या किंवा मिळू शकणाऱ्या दुसऱ्या कार्डाशी ताडायचा. आपल्या कुटुंबाकडे एक टक्का देणारे बिनफीचे कार्ड आधीच असेल, तर त्यावर वर्षाला १,९२० रुपये मिळतातच. नव्या कार्डाने वाढ झाली ३७१ रुपयांची. तेवढ्यासाठी नवा अर्ज, नवे बिल आणि लक्षात ठेवायची आणखी एक तारीख अंगावर घ्यायची का, हा खरा प्रश्न.

ऑनलाइन पाच टक्के, दुकानात एक टक्का आणि फी जीएसटीसह १,१७९ असे कार्ड घेतले तर? वरच्या सोळा हजारांतले सहा हजार ऑनलाइन जात असतील, तर वर्षाला ऑनलाइन खरेदीवर ३,६०० आणि बाकीवर १,२०० मिळतील. फी वजा जाता ३,६२१ रुपये. सरसकट कार्डापेक्षा हे १,३३० रुपयांनी जास्त. कार्डावरच्या खर्चाचा पाचवा हिस्सा ऑनलाइन गेला की या उदाहरणात दोन्ही कार्डे समान होतात; त्यापुढे पाच टक्क्यांचे कार्ड सरस. ज्या घराची खरेदी मुख्यतः दुकानांतून, मेडिकलमधून, हॉटेलांतून होते, तिथे सरसकट कार्ड जिंकते. मात्र दोन-तीन कार्डे ठेवून ‘हे इथे, ते तिथे’ करणाऱ्याला प्रत्येक बिलाची तारीख सांभाळावी लागते. ज्याला ते कटकटीचे वाटते, त्याच्यासाठी सरसकट कार्डाचा साधेपणा हाच मोठा फायदा, आणि त्यासाठी वर्षाला हजारभर रुपये सोडणे मुळीच चुकीचे नाही.

पॉइंटच्या कार्डांशी तुलना करताना पॉइंटची रुपयांतली किंमत काढावी. शंभर रुपयांना चार पॉइंट ऐकायला घसघशीत वाटतात. पॉइंट पंचवीस पैशांचा असेल तर तो एक टक्काच झाला.

एक चुकलेला महिना

आता या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा हिशेब. त्याच कुटुंबाने १ जूनला तीस हजारांचा फ्रिज कार्डावर घेतला. कॅशबॅक मिळाला ४५० रुपये. बिल १५ जूनला आले, भरायची शेवटची तारीख ५ जुलै. त्या महिन्यात ओढाताण होती, म्हणून फक्त मिनिमम ड्यू भरला, पाच टक्के, म्हणजे दीड हजार. दंड लागला नाही, बँकेचा फोन आला नाही. सगळे ठीक वाटले.

कार्डाचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के आहे असे धरू. असे दर आपल्याकडे सर्रास असतात. बिल पूर्ण भरले नाही की बिनव्याजी मुदत संपते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून लागते. १ जून ते ४ जुलै हे चौतीस दिवस तीस हजारांवर: १,१७४ रुपये. ५ ते १५ जुलै हे अकरा दिवस उरलेल्या साडेअठ्ठावीस हजारांवर: ३६१. त्यावर १८ टक्के जीएसटी: २७६. पुढच्या बिलात एकूण भर पडली १,८११ रुपयांची.

फ्रिजवर मिळालेल्या कॅशबॅकच्या चौपट रक्कम एका महिन्यात गेली. वर्षभराच्या निव्वळ २,२९१ रुपयांपैकी जवळजवळ ऐंशी टक्के त्यात खर्ची पडले. शिवाय जुनी थकबाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. असे दोन महिने गेले की वर्ष तोट्यात गेले, मग दर दीड असो की दोन.

कायदा आपल्याला या व्याजापासून वाचवेल, या भरवशावर राहू नये. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये थकबाकीवर तीस टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. म्हणून कार्ड हाती येताच पहिले काम एकच: बचत खात्यातून पूर्ण बिल आपोआप भरले जाईल अशी सूचना बँकेला द्यायची. तिथे मिनिमम ड्यूचा पर्यायही असतो. निवडायचा तो पूर्ण रकमेचा. ज्याला आधीच कार्डाची थकबाकी आहे, त्याने कॅशबॅकचा विचारच बाजूला ठेवावा आणि आधी ती फेडावी. ४२ टक्क्यांचे देणे फेडण्याइतका मोठा परतावा कुठलेही कार्ड देत नाही.

हात सैल होतो तेव्हा

आणखी एक गळती बिलात वेगळी दिसत नाही. एमआयटीतले ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितले. निम्म्यांना रोखीने पैसे द्यायचे होते, निम्म्यांना कार्डाने. तिकिटे तीच असूनही कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. नोट हातातून जाताना जी टोचणी लागते, ती कार्डाने बोथट होते. कॅशबॅक तर खर्चालाच कमाईचे रूप देतो. आपल्या कुटुंबाचा कार्डावरचा खर्च नव्या कार्डामुळे दोनच टक्क्यांनी वाढला, तरी वर्षाला ३,८४० रुपये जास्त जातील. मिळणार होते २,८८०. कार्ड घेण्यापूर्वीच्या तीन महिन्यांचा खर्च वहीत लिहून ठेवावा आणि नंतरच्या तीन महिन्यांशी ताडावा. ही गळती पकडण्याचा इतका खात्रीचा मार्ग दुसरा नाही.

सही करण्यापूर्वी आणि नंतर

अर्जाबरोबर ‘अतिमहत्त्वाच्या अटी व शर्ती’ हा कागद मिळायलाच हवा. त्यात पाच गोष्टी शोधा: अपवादांची पूर्ण यादी, महिन्याच्या कॅशबॅकची कमाल मर्यादा, रक्कम आपोआप वजा होते की मागावी लागते, कॅशबॅक एकूण खर्चावर मोजतात की दर शंभराच्या पटीवर, कारण दुसऱ्या पद्धतीत १९९ रुपयांची खरेदी शंभरच धरली जाते, आणि परदेशी चलनातला आकार. हा आकार साडेतीन टक्के असेल, तर जीएसटी धरून ४.१३ होतो आणि परदेशातला दीड टक्का त्यात केव्हाच विरून जातो. पहिल्या वर्षी कार्ड घेतल्याबद्दल मिळणारी भेट हिशेबात धरू नका. ती दुसऱ्या वर्षी नसते. एटीएममधून क्रेडिट कार्डाने रोख तर कधीच काढू नका. तिथे पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

प्रत्येक अर्जाची नोंद सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे होते. येत्या काही महिन्यांत घरासाठी कर्ज घ्यायचे असेल, तर दीड टक्क्यासाठी अर्जांचा सपाटा लावू नये.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये दिलेले निर्देश ग्राहकाने माहीत करून घ्यावेत. न मागता कार्ड पाठवता येत नाही. शुल्क वाढवायचे तर किमान एक महिना आधी कळवावे लागते, आणि ते मान्य नसेल तर जादा आकार न देता कार्ड परत करता येते. बंद करण्याची विनंती केल्यावर, काही देणे नसेल तर, सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालेच पाहिजे. नाही झाले तर त्यापुढे दिवसाला पाचशे रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा.

दर महिन्याला पूर्ण बिल भरणारे, मुख्यतः दुकानांतून खरेदी करणारे आणि अनेक कार्डांच्या अटी सांभाळण्यात वेळ घालवू न इच्छिणारे घर असेल, तर सरसकट कॅशबॅकचे कार्ड जरूर घ्यावे. बहुतेक खरेदी ऑनलाइन असेल तर दुसरे कार्ड जास्त देईल. बिल कधी पूर्ण, कधी अर्धे भरले जात असेल, तर डेबिट कार्ड आणि यूपीआय बरे. आणि घेतलेल्या कार्डाची फी दरवर्षी ज्या महिन्यात लागते, त्याच्या आदल्या महिन्यात बारा बिले समोर ठेवून बेरीज करावी: मिळालेला कॅशबॅक, वजा फी, वजा व्याज आणि दंड. उत्तर बिनफीच्या कार्डावर मिळाले असते त्याहून कमी आले, तर बँकेला कार्ड बंद करण्याची विनंती त्याच दिवशी पाठवावी.